चिंधीच्या पलीकडचा हरभरा

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो. नाशिकात, सकाळी साडेसातपासून. लोकांचं रक्त, लघवी, थुंकी आणि त्याहून नको ते रोज माझ्या हाताखालून जातं आणि त्यातलं काही बघून मला आजवर मळमळलेलं नाही. दुपारी शेजारच्याच खोलीत बसून मी डबा खातो. पण डब्यातल्या फ्लॉवरच्या भाजीत एखादं जिरं जरा लांबट दिसलं की घास हातातच राहतो. ते जिरं मी चमच्याने बाजूला काढतो, उलटं करतो, दाबून बघतो. जिरंच असतं. तरी पुढचा घास जात नाही.

मला अळीची भीती वाटते. किळस म्हणत नाही मी, भीतीच. किळस आली तर माणूस तोंड वाकडं करतो आणि मोकळा होतो. मला मानेमागे गार पडतं, दातांच्या मुळाशी शिरशिरी येते आणि उठून पळावंसं वाटतं. चाळिशी ओलांडलेल्या माणसाने, करंगळीच्या पेराएवढ्या जिवापासून. हसायचं असेल तर हसा, माझी बायको बारा वर्षं हसतेय.

हे सुरू कुठे झालं ते मला नेमकं आठवतं. मी आठ वर्षांचा होतो. आईची नजर अधू होत चालली होती आणि चष्मा लावायला ती तयार नव्हती. भरल्या वांग्यांसाठी वांग्याला चार चिरा द्यायच्या, देठ धरून पाकळ्या फाकवायच्या आणि उजेडाकडे धरून आत बघायचं, हे ती रोजच्या सवयीने करायची. बघायची, पण तिला दिसायचं नाही. त्या दिवशी मसाल्यात शिजलेली अळी अर्धी माझ्या घासात आली आणि अर्धी वांग्यात राहिली. मी ताटावरून उठलो तेव्हा आई म्हणाली, "ती काय वेगळं खात होती? वांगंच ना?" सगळे हसले. मी तेव्हापासून भरलं वांगं खाल्लेलं नाही.

पुढे स्वतःचं घर झालं तसे माझे कायदे वाढत गेले. फ्लॉवर कोमट मिठाच्या पाण्यात अर्धा तास, मग एकेक तुरा मोबाईलच्या टॉर्चखाली. पेरू पातळ चकत्या करूनच. अंजीर घरात आणायचंच नाही. मटार मी सोलत नाही, कारण शेंग उघडताना आत कोण बसलं असेल ते आधी कळत नाही. भाजी मीच आणतो आणि पंचवटीतल्या बाजारात एकेक भेंडी फिरवून बघतो, म्हणून तिथल्या भाजीवाल्या मावशी मला बघितलं की पाटीवर पदरच टाकतात. डागाळलेलं, भोक पडलेलं मी कधी घेतलं नाही. तुकतुकीत, स्वच्छ, जणू आत्ताच रंगवलंय असं दिसणारं तेवढं घ्यायचं.

मुलगी पाच वर्षांची असताना मी तिला मटाराचा प्रत्येक दाणा नखाने दोन तुकडे करून, आत बघून मगच तोंडात टाकताना पाहिलं. तिला कुणी शिकवलं नव्हतं. खरं सांगायचं तर आधी मला कौतुकच वाटलं. मग बायको म्हणाली, "पोरीने तुमचं नाक घेतलं नाही म्हणून मी देवाचे आभार मानत होते. हे काय घेतलं तिने?" तेव्हा मला पहिल्यांदा लाज वाटली. भीती अशी ताटातून ताटात जाते हे लक्षातच आलं नव्हतं.

आता सासुरवाडीचं सांगायला हवं. बायको कळवणच्या बाजूच्या एका गावची, घर शेतकऱ्याचं. सासरे आमच्या लग्नाआधीच गेले. शेती मेहुणा बघतो आणि मेहुण्याला सासूबाई बघतात. सासूबाई जुन्या वळणाच्या. जावयासमोर डोक्यावरचा पदर कधी ढळू द्यायच्या नाहीत आणि जावयाशी थेट बोलायच्या नाहीत. राग म्हणून नव्हे, मान म्हणून. लग्नानंतर सुरुवातीची वर्षं त्यांचं सगळं बोलणं बायकोमार्फत चालायचं. मुलगी बोलायला लागल्यावर ते काम तिच्याकडे आलं. मी हाताच्या अंतरावर बसलेला असायचो आणि सासूबाई नातीला म्हणायच्या, "तुह्या बापाला इचार, आजून भाकर घेता का." मीही मुलीलाच उत्तर द्यायचो, "आजीला सांग, पोट भरलं." मुलगी दोन्हीकडचे निरोप पोचवायची आणि मध्ये स्वतःचं घुसडायची. "आजी म्हणते, बाबा चिमणीएवढं खातो." आजीने तसं म्हटलेलं नसायचं, पण ती नाकारायचीही नाही.

दरवर्षी थंडी सरायच्या सुमाराला, हरभरा भरला की, त्यांच्याकडून हुळ्याचं बोलावणं येतं. हुळा म्हणजे घाट्यांनी, म्हणजे शेंगांनी, लगडलेली हरभऱ्याची हिरवी झाडं मुळासकट उपटायची, शेतातच जाळावर धरून भाजायची आणि सगळ्यांनी भोवती बसून, काळे हात करत, घाटे फोडून खायचे. सगळ्यांना आवडतो. मी तो दिवस आठ दिवस आधीपासून मोजायचो, कारण हरभऱ्याची अळी घाट्याला गोल भोक पाडते आणि अर्धी आत, अर्धी बाहेर अशी राहते. भाजलेल्या घाट्यात ती कुठे आहे ते काळवंडलेल्या सालीतून कळतही नाही. जावई म्हणून मला पहिली ओंजळ मिळायची. मी फोडल्यासारखं करायचो, तोंड हलवायचो आणि दाणे शर्टाच्या खिशात सोडायचो. परतीच्या वाटेवर देवळा गावाच्या अलीकडे कुठेतरी खिडकीतून फेकून द्यायचो. सासुरवाडीत कुणालाच माझी भीती माहीत नव्हती. बायकोने तेवढी अब्रू राखली होती.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मुलगी सात वर्षांची, पुढचे दोन दात पडलेले. रविवारी दुपारी आम्ही शेतात पोचलो तेव्हा मेहुण्याने वाळलेल्या तुरीच्या काड्या रचून ठेवल्या होत्या आणि विहिरीजवळच्या ओळींतून हरभऱ्याची पेंढी उपटून आणली होती. बायको जाळ करायला बसली. सासूबाई बांधावर उभ्या राहून कुणाला तरी पाणी धरायचं सांगत होत्या. मुलीने पेंढीत हात घातला आणि थांबली. एका घाट्याला भोक होतं आणि भोकातून हिरवी अळी डोकं हलवत होती. मुलीने माझं बोट धरलं. तिचा हात गार पडला होता, माझाही.

"बाबा, मी नाही खाणार," ती हळू आवाजात म्हणाली.

"चल," मी म्हणालो, "आपण आपल्यापुरता चांगला आणू."

विहिरीजवळच्या दहा-बारा ओळी सोडल्या की एक काठी रोवलेली होती आणि तिला जुन्या लुगड्याची चिंधी बांधलेली होती. ती काठी मी दरवर्षी बघत आलो होतो. पाखरांना भिववायला असेल अशी माझी समजूत होती. कुणाला विचारायचं कधी सुचलं नाही आणि जावयाला शेतातलं काही समजावून सांगायची कुणाला गरज वाटली नाही. जावई शेतात येतो तो खायला.

चिंधीच्या पलीकडचा हरभरा बघून माझा जीव भांड्यात पडला. काळसर हिरवी, भरघोस झाडं, एका घाट्याला भोक नाही, एक पान कुरतडलेलं नाही. मी वाकून वाकून बघितलं. इतका स्वच्छ हरभरा मी शहरातसुद्धा पाहिला नव्हता. उग्रसा वास येत होता, पण दिवसभर लॅबमध्ये असले वास घेऊन माझं नाक मेलेलं आहे. विहिरीवरच्या मोटारीचं ऑइल असेल असं मला वाटलं. मी झाडं उपटायला लागलो. मुलगी खूश झाली. तिने काही घाटे तिथेच फोडून कच्चे खाल्ले, दातांनीच, कारण मी होतो आणि मी तपासलेलं होतं. मग ती पानं चाटायला लागली. हरभऱ्याच्या पानांवर आंबट चव असते, ती जिभेने टिपायची. हे तिला आजीने शिकवलं होतं.

बांधावर सासूबाई दिसल्या. त्या आमच्याकडे बघत होत्या. त्यांनी एक हात वर केला आणि तो तसाच वर राहिला. मीही हात हलवला. आज त्यांना बरं वाटतंय, आपल्याला ओळख देतायत, असं माझ्या मनात आलं. त्या दोन पावलं आमच्याकडे आल्या, थांबल्या, मागे वळल्या आणि जाळाच्या दिशेने भराभर चालू लागल्या. त्या वयाच्या बाईने इतक्या घाईने चालावं याचं मला नवल वाटलं. मी आणखी दोन झाडं उपटली.

मग मेहुणा ढेकळांतून धावत येताना दिसला.

"दाजी, तिनं खाल्लं का काय हितलं?" तो लांबूनच म्हणाला. "दाजी, सकाळीच फवारलंय हे. चिंधीच्या पल्याड बाजाराचं असतंय, घरचं अलीकडं."

मुलीची जीभ पानावर होती. मी तिच्या हातातलं झाड ओढून घेतलं, इतक्या जोरात की ती रडायला लागली. त्यानंतरचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. मेहुणा तिला विहिरीवर नेऊन पाइपाने चुळा भरायला लावतोय. बायको एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतेय, "किती खाल्लं? किती खाल्लं?" आणि मी, आयुष्यभर एकेक दाणा मोजून खाणारा माणूस, मला आकडा सांगता येत नाहीये.

मेहुण्याच्या पिकअपमध्ये पुढे तो, बायको आणि मी, मुलगी माझ्या मांडीवर. सासूबाई कुणाला न विचारता मागे चढल्या आणि टोमॅटोच्या रिकाम्या क्रेट्समध्ये दांडा धरून उभ्या राहिल्या. दुसऱ्या हातात एक पिशवी होती. कळवणपर्यंतचा रस्ता वीस मिनिटांचा. मी मुलीच्या तोंडाकडे बघत होतो. असल्या औषधांनी लाळ गळते, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, एवढं मला माहीत होतं, आणि ते माहीत नसतं तर बरं झालं असतं. दात पडल्यापासून तिच्या तोंडातून लाळ तशीही यायची. ही नेहमीची की ती दुसरी? मी तिच्या हनुवटीवर बोट फिरवत होतो, पुसत होतो, पुन्हा बघत होतो. डोळ्यांवर ऊन येत होतं, बाहुल्या बारीक दिसत होत्या. उन्हाने की कशाने? मी तिच्या डोळ्यांवर तळहाताची सावली धरली आणि काढली. "बाबा, काय करतोयस?" ती म्हणाली. आणि मग, "पोटात कसंतरी होतंय." तिला माझ्या अंगावर उलटी झाली. त्यात हरभऱ्याचे हिरवे तुकडे होते. मी ते बोटांनी वेगळे करून मोजायला लागलो आणि बायकोने माझा हात धरून थांबवला.

एवढी भीती मला कधी वाटली नव्हती. अळीची भीती ही भीतीच नव्हती, ते नुसते लाड होते, हे त्या पिकअपमध्ये कळलं.

हॉस्पिटल लहानसं होतं, डॉक्टर तरुण बाई होत्या. त्यांनी टॉर्च मारून डोळे बघितले आणि विचारलं, "औषध कोणतं होतं?" मेहुण्याला नाव आठवेना. सासूबाईंनी मागून पुढे येऊन पिशवीतली बाटली टेबलावर ठेवली. आम्ही सगळे विहिरीवर धावपळ करत असताना त्या एकट्यांना ते सुचलं होतं. डॉक्टरांनी लेबल वाचलं, नर्सला भराभर काही सांगितलं. मुलीचे सगळे कपडे काढले. सासूबाईंनी तिला नळाखाली उभं करून साबणाने केसांपासून नखांपर्यंत धुतलं. सलाईन लागलं, इंजेक्शन झालं.

"पण फवारलेल्या बाजूला गेलात कशाला?" डॉक्टरांनी विचारलं. ओरडून नाही, लिहिता लिहिता.

"आम्हाला माहीत नव्हतं," बायको म्हणाली. ती अजूनही माझी अब्रू राखत होती.

"मला अळीची भीती वाटते," मी म्हणालो. "तिकडच्या हरभऱ्यात अळी नव्हती म्हणून मी तिला तिकडे नेलं."

डॉक्टरांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. मेहुणा खिडकीबाहेर बघायला लागला. सासूबाईंनी पदर पुढे ओढला. कुणी हसलं नाही. कुणी हसलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

मुलगी आणखी एकदा ओकली, मग झोपली. झोपली की ग्लानी आली, हे मी तीनदा नर्सला विचारलं. अर्ध्या अर्ध्या तासाने डॉक्टर येऊन डोळे बघायच्या, नाडी बघायच्या आणि जायच्या. बायको आणि मेहुणा औषधं आणायला खाली गेले. खोलीत कॉटच्या एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला सासूबाई, मध्ये मुलगी. खिडकीत दिवस उतरायला लागला होता. दहा वर्षांत आम्ही दोघं असे एकटे कधी बसलो नव्हतो.

सासूबाई बोलल्या. माझ्याकडे बघून नाही. झोपलेल्या नातीच्या कपाळावर हात ठेवून, तिला म्हणाल्या,

"तुह्या बापाला सांग. म्या पाह्यलं व्हतं त्यांला. चिंधी वलांडली तव्हाच पाह्यलं. हाक मारायला तोंडच उघडंना. जावयाला हाक कशी मारू? तुह्यासंगं निरोप धाडला असता, तर तूच तिकडं. मंग पोराला सांगाया पळाले. तेवढ्यात तू चाटलं. मीच शिकिवलं तुला चाटाया."

मुलगी झोपेत होती. निरोप कोण पोचवणार? मला उत्तर द्यायचं होतं आणि कुणाला द्यावं ते कळेना. शेवटी मीही मुलीलाच म्हणालो, "आजीला सांग, चूक माझी आहे." सासूबाईंनी पदराने डोळे पुसले.

सकाळी मुलीने डोळे उघडून पारले बिस्किट मागितलं. डॉक्टरांनी ती दुपारी घरी जाऊ शकते म्हणून सांगितलं. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडलो.

त्या दिवसापासून माझी भीती गेली असं सांगता आलं असतं तर ही आठवण नीट संपली असती. गेली नाही. उलट एकाच्या दोन झाल्या. भोक दिसलं की अजून मानेमागे गार पडतं. आणि आता भोक नाही दिसलं की हात मागे येतो. पंचवटीतल्या मावशींपुढे मी स्वच्छ, तुकतुकीत कोबी हातात घेऊन उभा राहतो, खाली ठेवतो, पुन्हा उचलतो. "घ्यायचा तं घ्या दादा, येडे झाले का?" त्या म्हणतात. मुलीने वर्षभर हिरवं म्हणून काही खाल्लं नाही. वरणभात, दूध, बिस्किटं. मी तिला काय सांगणार? मी स्वतः डब्यात बटाटा नेत होतो.

गेल्या वर्षी आम्ही हुळ्याला गेलोच नाही. या वर्षी थंडी सरताना पुन्हा बोलावणं आलं. मी नको म्हणत होतो. बायको म्हणाली, "आईने मुद्दाम सांगितलंय, सगळ्यांनी या." गेलो. जाळ पेटला होता, मेहुण्याने पेंढी आणून ठेवली होती. मुलगी आजीला बिलगून बांधावर बसली, पेंढीच्या जवळ आली नाही. मी हात मागे बांधून उभा होतो, आणि उगाच काहीतरी करावं म्हणून विहिरीकडे चालत निघालो. चिंधीची काठी पुढे होती. ती मला दिसत होती. मी तिच्या अलीकडेच थांबणार होतो.

"ओ जावईबापू!"

इतकी मोठी हाक की विहिरीवरचा माणूस वळून बघायला लागला. सासूबाई बांधावर उठून उभ्या होत्या. पदर खांद्यावर आला होता आणि त्यांनी तो सावरला नव्हता. "तिकडं नाय जायचं. माघारी फिरा."

जाळाजवळ बायको हातात काड्या घेऊन तशीच बसून राहिली. मेहुण्याने मान खाली घातली. मी माघारी फिरलो.

मी येईपर्यंत सासूबाई पेंढीजवळ येऊन बसल्या होत्या. त्यांनी पेंढीतून एक घाटा शोधून काढला, भोक पडलेला. नखाने सोलला. अळी त्यांच्या अंगठ्यावर आली, हिरवी, जिवंत, डोकं उचलून इकडेतिकडे बघणारी. मुलगी आजीच्या खांद्यामागून बघत होती, माझ्याकडे आणि अळीकडे, आळीपाळीने. सासूबाईंनी अळी अलगद गवतावर सोडली. घाट्यात दोन दाणे होते, एक खाल्लेला, एक साबूत. साबूत दाणा त्यांनी तळहातावर घेतला.

"ही जगली हितं," त्या म्हणाल्या, "म्हंजी आपुनबी जगू. भ्या वाटतं का?"

मुलीमार्फत नाही. मला, माझ्याकडे बघून.

"वाटतं," मी म्हणालो, आणि हात पुढे केला.